बलूत, ओक आणि आपले सागवान : नाव नव्हे, लाकूड पाहून घ्या

लग्नसराई आली की कापडाच्या दुकानात कापडाशिवाय इतरही अनेक गोष्टींची चर्चा होते. केळझरच्या आमच्या दुकानात शालू आणि शेरवानीचे कापड पाहता पाहता मंडळी पलंग, कपाट आणि ड्रेसिंग टेबलावर येतात. अलीकडे या चर्चेत एक नवे नाव वारंवार ऐकू येते. ‘सेठ, या वेळी सागवान नाही, ओकचा सेट घेतला,’ असे लोक मोठ्या कौतुकाने सांगतात. मराठीत ओक म्हटले की आधी आडनाव आठवते. हे झाड कोणते, ते कोठे उगवते आणि त्याचे लाकूड कशासाठी चांगले, असे विचारले तर घेणारा गप्प बसतो आणि पुष्कळदा विकणाराही गप्प बसतो.

आम्ही उर्दू शाळेत शिकलो. तेथे या झाडाचे नाव ‘बलूत’ असे होते. फारसी आणि उर्दूत बलूत, अरबीत बल्लूत. शब्द पाठ होता, झाड पाहिलेले नव्हते. पुढे याच नावापायी पदरचे पैसे गेले, तेव्हा या झाडाची माहिती मुद्दाम मिळवावी लागली. ती वाचक बंधू-भगिनींच्या उपयोगी पडावी म्हणून हा लेख.

झाड कोठले?

बलूत हे एकच झाड नाही. त्याच्या चारशेहून जास्त जाती आहेत. त्या मुख्यत्वे युरोप, उत्तर अमेरिका, चीन, इराण, तुर्कस्तान अशा प्रदेशांत वाढतात. सुपारीएवढे फळ आणि त्याच्या डोक्यावर वाटीसारखी टोपी, ही सर्व जातींची खूण. आपल्या देशात बलूत हिमालयात आणि ईशान्येकडील डोंगरांत आहे. उत्तराखंडात त्याला ‘बांज’ म्हणतात. तेथे त्याचा पाला जनावरांना चारा म्हणून आणि फांद्या सरपण म्हणून वापरतात. त्याच्या लाकडाची अवजारे आणि दांडे होतात. मात्र हे लाकूड वाळताना फाटते आणि वाकते, म्हणून फर्निचरच्या बाजारात त्याला मोठे स्थान नाही.

महाराष्ट्राच्या जंगलात बलूत उगवत नाही. केळझरच्या परिसरातील बोरच्या जंगलात साग, ऐन, तेंदू आणि बांबू सापडेल, बलूत सापडणार नाही. म्हणून आपल्याकडे जो खरा ओक विकला जातो, तो बहुतेक अमेरिका किंवा युरोपातून जहाजाने आलेला असतो. ही पहिली गोष्ट गाठीशी बांधून ठेवावी. जे लाकूड समुद्र ओलांडून आले, ते देशी लाकडापेक्षा फार स्वस्त मिळत असेल, तर थांबून विचार करावा.

घरात आधीपासून असलेला बलूत

असे असले तरी बलूत आपल्या घराला अनोळखी नाही. बाळगुटीत सहाणेवर जे मायफळ उगाळतात, ते बलुताचेच. नाव फळाचे असले तरी ते फळ नव्हे. बलुताच्या एका जातीच्या कोवळ्या फांदीत एक लहान गांधीलमाशी अंडे घालते आणि त्या जागी झाड गाठ धरते. तीच गाठ म्हणजे मायफळ. युनानी हकीम तिला ‘माजू’ म्हणतात. ती इराण, तुर्कस्तान आणि शाम मुलुखाकडून येत आली आहे.

या गाठीत टॅनिन नावाचा तुरट पदार्थ भरपूर असतो. टॅनिन लोखंडाच्या क्षाराला भेटले की काळे पडते. पूर्वी माजू, हिराकस आणि बाभळीच्या जातीचा डिंक एकत्र करून शाई करीत. तीच गोष्ट कापडाची. हिरड्याच्या पाण्यात भिजवलेल्या कापडावर लोखंडाचे पाणी लावले की पक्का काळा रंग चढतो. ठसे उमटवणारे छिपे आजही जुने लोखंड आणि गूळ कुजवून काळा रंग करतात. टॅनिन आणि लोखंडाची ही गाठ वाचकांनी ध्यानात ठेवावी. लाकूड पारखताना ती पुन्हा उपयोगी पडणार आहे.

बाटलीचे खरे बूचही बलुताचेच. पोर्तुगाल, स्पेन आणि उत्तर आफ्रिकेत बलुताची एक जात आहे. तिची जाड साल झाड न तोडता सोलतात. झाड सुमारे २५ वर्षांचे झाले की पहिली सोलणी आणि नंतर साधारण दर ९ वर्षांनी पुढची. जगातील जवळजवळ निम्मे बूच एकटा पोर्तुगाल पुरवतो. आपल्याकडे शाळा-कचेऱ्यांच्या आवारात पांढऱ्या सुवासिक फुलांचे ‘बुचाचे झाड’ असते. ते बलूत नव्हे. त्याची साल बुचासारखी दिसते आणि त्यावरून त्याला हे नाव पडले. नावावरून वस्तू ओळखू नये, याचा हा एक नमुना.

ओकचे लाकूड कशाला चांगले?

ओकचे लाकूड जड, कठीण आणि चिवट असते. चांगल्या पांढऱ्या ओकचा वाळलेला एक घनफूट तुकडा सुमारे २१ किलो भरतो. सागवान सुमारे १८ किलो. युरोपात घरांची आढी, चर्चचे छत, दारे, जमिनीच्या फळ्या, बाके ही सर्व कामे शतकानुशतके ओकमध्ये झाली. लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलचे ओकचे छत चौदाव्या शतकाच्या अखेरचे आहे आणि अजून उभे आहे. पॅरिसच्या नोत्र दाम चर्चचे लाकडी छत १५ एप्रिल २०१९ रोजी जळाले. ते पुन्हा उभे करण्यासाठी फ्रान्सच्या जंगलांतून सुमारे २,००० ओक निवडले गेले आणि डिसेंबर २०२४ मध्ये इमारत पुन्हा उघडली.

व्यापारात ओकचे दोन मुख्य प्रकार आहेत. पांढऱ्या ओकची छिद्रे आतून बुजलेली असतात, त्यामुळे त्याची पिंपे गळत नाहीत. तिकडे ही पिंपे मुख्यतः शराबीसाठी लागतात. त्या धंद्याशी आपल्याला घेणे नाही, पण सिरकाही अशाच पिंपांत मुरवतात. लाल ओकची छिद्रे मोकळी असतात. लहानसा तुकडा घेऊन एका टोकाने फुंकर मारली तर दुसऱ्या टोकाने हवा निघते. म्हणून लाल ओक पाण्याच्या किंवा ओलीच्या जागी वापरू नये. घरातल्या कोरड्या फर्निचरला तो चालतो.

ओकमध्ये एक उणे आहे. त्यात टॅनिन असल्यामुळे ओल लागली की लोखंडी खिळ्याभोवती काळे डाग पडतात आणि खिळाही गंजतो. शिवाय युरोपच्या थंड हवेत टिकलेले लाकूड आपल्या वाळवीपुढे आणि पावसाळ्यापुढे सागाइतके भरवशाचे नाही.

ओक संपला तेव्हा साग कामी आला

इंग्रजांचे आरमार एके काळी ओकवर उभे होते. ७४ तोफांच्या एका लढाऊ जहाजाला सुमारे २,००० ओक लागत, असा हिशेब सांगतात. लढाया वाढल्या, जंगले विरळ झाली आणि इंग्लंडमध्ये जहाजाचे चांगले लाकूड मिळेना. तेव्हा त्यांची नजर मुंबईच्या गोदीकडे वळली. तेथे सुरतेहून १७३६ साली आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्यातील कारागीर मलबारच्या सागवानात जहाजे बांधत होते. १८१० साली ‘मिंडेन’ आणि १८१७ साली ‘त्रिंकोमाली’ ही इंग्रज आरमाराची जहाजे मुंबईत तयार झाली. ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगते आहे. दोनशे वर्षांहून अधिक काळ!

याचे कारण सागाच्या तेलात आहे. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असते. ते लाकडाला पाणी आणि वाळवीपासून वाचवते आणि आत ठोकलेल्या लोखंडालाही सांभाळते. ओकमध्ये खिळा गंजतो, सागात टिकतो. ज्यांच्या देशात ओक होता, त्यांनी आपले सागवान मागून घेतले. आणि आज आपण सागाच्या मुलुखात राहून ओकच्या नावावर भाळतो. आलापल्लीचे जंगल आणि बल्लारपूरचा लाकूड डेपो विदर्भातच आहेत. २८ मे २०२३ रोजी उद्घाटन झालेल्या दिल्लीच्या नव्या संसद भवनासाठीही सागवान नागपूरहून गेले.

ऐन : आपल्या घरचा बलूत

बलुताची कामे आपल्याकडे कोणते झाड करते, असे विचाराल तर ऐनाचे नाव घ्यावे लागेल. विदर्भात त्याला येनही म्हणतात. मगरीच्या पाठीसारखी फुटलेली साल ही त्याची ओळख. लाकूड ओकहून जड आणि चांगलेच कठीण. जुन्या घरांतील खांब, आढी आणि बैलगाडीचे भाग याचेच. सालीत ओकसारखेच टॅनिन. हिरडा, बेहडा आणि अर्जुन ही याचीच भावंडे. मात्र ऐन नीट वाळवला नाही तर तडकतो आणि खिळा सहज घेत नाही. भोक पाडून स्क्रू लावणारा जाणता मिस्त्री हवा.

कापडवाल्याच्या दृष्टीने ऐन आणि बलुताचे आणखी एक नाते आहे. टसर रेशमाचा किडा चीनमध्ये आणि आपल्या मणिपूरकडे बलुताच्या पाल्यावर वाढवतात. गडचिरोली, भंडारा, चंद्रपूर भागात तोच धंदा ऐन आणि अर्जुनाच्या पाल्यावर चालतो. करवतकाठी टसर साडी ज्यांनी विकली आहे, त्यांनी अप्रत्यक्षपणे ऐनच विकला आहे.

ओकच्या नावाखाली काय मिळते?

आता पदरच्या अनुभवाकडे येतो. थोरल्या मुलीच्या लग्नात एका मोठ्या शहरातील दुकानातून पलंग आणि कपाट घेतले. रंग फिका, रेषा सुंदर, पॉलिश झकास. दुकानदार म्हणाला, ‘ओक आहे.’ बिलावरही एवढेच लिहिले होते : ‘ओक बेडरूम सेट’. आम्ही पैसे पूर्ण लाकडाचे मोजले. दुसऱ्या पावसाळ्यात पलंगाची कड फुगली आणि कपाटाचा पाय भुसभुशीत झाला. ओळखीच्या मिस्त्रींना दाखवले. त्यांनी पटाशीने कोपरा जरासा उचलला आणि म्हणाले, ‘सेठ, हे लाकूड नाही जी. वर छापील कागद आहे आणि आत भुसा.’

आम्हाला पैशापेक्षा शरम जास्त वाटली. धागा जाळून वासावरून सूत, रेशीम आणि पॉलिएस्टर सांगणारे आम्ही, लाकडाच्या दुकानात मात्र फक्त नाव ऐकून आलो. मुलीने सासरी एक शब्द काढला नाही, पण बापाने दिलेली वस्तू दोन वर्षांत फुगली हे घरातल्या सर्वांना दिसतच होते.

ओकच्या नावाने साधारण चार वस्तू विकल्या जातात. पहिली, खरे भरीव ओक. दुसरी, प्लायवूडवर चिकटवलेला ओकचा पातळ पापुद्रा, म्हणजे व्हिनिअर. तिसरी, रबराच्या झाडाचे किंवा दुसरे फिके लाकूड ओकच्या रंगात रंगवलेले. चौथी, भुशाच्या दाबलेल्या पाटावर ओकच्या रेषा छापलेला कागद किंवा लॅमिनेट. यातील एकही वस्तू मुळात वाईट नाही. चांगल्या प्लायवरचे व्हिनिअर वर्षानुवर्षे टिकते. प्रक्रिया केलेले रबरवूडही चालते. वाईट आहे ते एवढेच, की चौथ्या वस्तूला पहिल्या वस्तूचे नाव आणि भाव लावला जातो.

ओळखावे कसे?

१) कड पाहा. वरची रेषा फळीच्या कडेवरून खाली उतरत असेल तर लाकूड भरीव. रेषा कडेशीच संपली किंवा कडेला पट्टी चिकटवलेली दिसली तर पापुद्रा किंवा कागद.

२) रेषा पुन्हा पुन्हा येते का ते पाहा. झाड एकच नक्षी दोनदा काढत नाही. दोन फळ्यांवर तीच गाठ त्याच जागी असेल तर तो छापखान्याचा माल आहे.

३) न रंगवलेली जागा शोधा. ड्रॉवरच्या आत, कपाटाच्या मागे, पलंगाच्या खाली. खऱ्या ओकच्या आडव्या कापावर मधून सालीकडे जाणाऱ्या फिक्या रेषा साध्या डोळ्यांनी दिसतात आणि काही फळ्यांवर चकाकणारे पट्टे दिसतात. सागात असे ठळक पट्टे नसतात. सागाचा ताजा काप हाताला किंचित तेलकट लागतो आणि त्याला चामड्यासारखा वास येतो.

४) काळ्या डागाची परीक्षा. सिरक्यात दोन लोखंडी खिळे दिवसभर ठेवा. ते पाणी लाकडाच्या रंग न लावलेल्या तुकड्यावर थेंबभर टाका. टॅनिन असेल तर डाग काळा-निळा पडतो. हीच ती शाईची आणि काळ्या कापडाची गोष्ट. मात्र ऐन आणि बाभूळही काळे पडतात. म्हणून या परीक्षेने ओक सिद्ध होत नाही, पण छापील कागद आणि टॅनिन नसलेले फिके लाकूड उघडे पडते.

सागवान घेतानाही डोळे उघडे हवेत. टिकाऊपणा गाभ्यात आहे. सालीलगतच्या पांढऱ्या लाकडाला वाळवी आणि भुंगे लागतात. कोवळ्या झाडाच्या सागात पांढरा भाग जास्त असतो आणि रंग लावून तो लपवता येतो.

मापाचा हिशेब

कापलेल्या लाकडाचे माप सोपे आहे. लांबी फुटात, रुंदी आणि जाडी इंचात घ्या. तिन्हींचा गुणाकार करून १४४ ने भागा, घनफूट निघतील. सात फूट लांब, पाच इंच रुंद आणि तीन इंच जाड चौकटीचा एक उभा घेतला तर ७ × ५ × ३ = १०५. भागिले १४४, म्हणजे ०.७३ घनफूट. दुकानदाराने सांगितलेल्या आकड्याशी हा आकडा जुळवून पाहावा.

गोल लाकडाचा हिशेब वेगळा आहे आणि बांधावरचा साग विकणाऱ्या शेतकरी बांधवांनी तो समजून घ्यावा. जुन्या रीतीप्रमाणे गोलाईचा चौथा हिस्सा घेऊन त्याचा वर्ग करतात आणि लांबीने गुणतात. चार फूट गोलाई आणि दहा फूट लांबीचे लाकूड या रीतीने १० घनफूट भरते. प्रत्यक्षात त्यात सुमारे १२.७ घनफूट लाकूड असते. मधला फरक कापणीतील घट म्हणून सोडलेला आहे. रीत जुनी आहे, त्यात लबाडी नाही. पण घट एकदा मापातच धरली गेली, तर भाव ठरवताना ‘घट जाईल’ म्हणून पुन्हा कापून घेणे योग्य नाही. आणि आपल्या शेतातला साग असला तरी तोडण्याची परवानगी आणि वाहतुकीचा परवाना घेतल्याशिवाय त्याला हात लावू नये.

दुकानदार बंधूंना एक विनंती

कुरआन शरीफमध्ये सूरह मुतफ्फिफीन ही मापात कमी देणाऱ्यांच्या संदर्भातच आहे. आणि धान्याच्या राशीची हदीस आपण सर्वांनी ऐकलेली आहे. नबी करीम (स.) बाजारात एका राशीपाशी थांबले, राशीत हात घातला, तर आतले धान्य ओले निघाले. पावसाने भिजले, असे विकणारा म्हणाला. मग ते लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, अशी विचारणा झाली आणि फसवणूक करणारा आपल्यातला नाही, अशी ताकीद मिळाली. वर ओकची रेषा आणि आत भुसा, ही त्या राशीहून वेगळी गोष्ट नाही.

म्हणून आपल्या बिरादरीतील जे बंधू फर्निचरच्या तिजारतीत आहेत, त्यांनी बिलावर तीन गोष्टी लिहून द्याव्यात. लाकूड कोणते, ते भरीव आहे की पापुद्रा, आणि आत काय आहे. एवढ्या तीन ओळींनी गिऱ्हाईक तुटत नाही, उलट बांधले जाते. घेणाऱ्यांनीही त्या तीन ओळी मागितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आणि तयार सेट घेण्यापूर्वी एकदा मोहल्ल्यातील मिस्त्रींना विचारावे. रंधा चालवणारे हात आपल्याकडे अजून आहेत. काम मिळाले नाही तर त्यांची मुले हा हुनर शिकणार नाहीत.

आम्ही पुढे काय केले, हेही सांगून टाकतो. एका पाडलेल्या जुन्या घराचे सागवान विकत घेतले आणि त्याच मिस्त्रींकडून मुलीसाठी नवा पलंग करून घेतला. रंगाने तो काळसर आहे, शोरूमच्या मालासारखा चकाकत नाही. त्याने अनेक पावसाळे पाहिले, अल्हम्दुलिल्लाह अजून कोठे फुगला नाही. आता आमच्या दुकानात कोणी ‘ओक घेतला’ असे म्हटले की आम्ही मुबारकबाद देतो आणि एवढेच विचारतो, ‘कड पाहिली का?’